न कापायची बाजू आधी: बिडाच्या एका फ्लायव्हीलचं प्रकरण

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात रोजचं काम म्हणजे बुश, फ्लँज, पंपाचे शाफ्ट. शेकड्यात येतं, शेकड्यात जातं. त्यात एकच नग, तोही हौसेने बांधलेल्या छोट्या इंजिनाचा, धंद्याच्या हिशेबात बसत नाही. तरी हे प्रकरण सविस्तर लिहितोय. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतकाम एकेक नग मशिन करताना जे प्रश्न येतात ते सगळे इथे एकाच कामात आले, आणि त्यातला एक प्रश्न तर उत्पादनाच्या कामात आम्हाला कधी पडतच नाही.

इंजिन वाफेचं, आडव्या बांधणीचं, एका सिलिंडरचं, स्लाइड व्हॉल्व्हवालं. बोअर २५ मिलिमीटर, स्ट्रोक ४०, फ्लायव्हील १५० व्यासाचं आणि सहा आऱ्यांचं. मालक नौपाड्यातले, बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांनी सागवानाचे पॅटर्न स्वतः घडवले होते. बीड थंड होताना शंभराला साधारण एक आकसतं, तेवढी वाढ धरली होती, साच्यातून पॅटर्न निघावा म्हणून उतारही नीट दिला होता. ओतून घेतलं कोल्हापूरकडच्या एका छोट्या फाउंड्रीत. सिलिंडर, स्टीमचेस्ट, बेड आणि फ्लायव्हील असे सगळे नग एकाच खेपेत आले. घरी गॅलरीत त्यांचं टेबलावर बसणारं छोटं लेथ आहे. बाकीच्या नगांना त्यांनी हातही लावला नव्हता. फ्लायव्हीलवर मात्र दोन टूल संपवून ते आमच्याकडे आले.

आमचा एक कामगार सहज "खेळण्यातलं इंजिन" म्हणून गेला. काकांनी त्याला शांतपणे सांगितलं, "खेळणं नाही. चालणार आहे ते."

टूल की लोखंड?

पहिला संशय वेगावर गेला. काकांचं लेथ सगळ्यात हळू फिरवलं तरी मिनिटाला शंभर फेरे घेतं. दीडशे व्यासाच्या रिमवर शंभर फेरे म्हणजे मिनिटाला ४७ मीटर. हायस्पीड स्टीलच्या टूलला बिडावर वीसेक मीटर झेपतात, म्हणजे या व्यासावर जेमतेम ४२ फेरे. त्यात वरची कातडी वाळूने भरलेली. पहिलं टूल जळालं त्यात नवल काहीच नव्हतं.

पण आमच्याकडे बॅक गिअर टाकून, के-२० कार्बाइडची टीप (बिडासाठीची कठीण धार) लावून मिस्त्रींनी कट घेतला तेव्हाही तेच झालं. रिमचा अर्ध्याहून जास्त भाग ठीक कापला गेला, काळी भुकटी पडत होती. मग एका पट्ट्यात टूल शिरलं की किंचाळायचं आणि कापण्याऐवजी पृष्ठभाग चकचकीत करून पुढे जायचं. टीप काढून पाहिली तर धार गोल झालेली.

"मिस्त्री, टूल चुकीचं असेल तर सांगा, मी दुसरं आणतो," काका म्हणाले.

"टूल बरोबर आहे काका. लोखंडच कापून घ्यायचं नाही म्हणतंय."

याची खात्री करायला यंत्र लागत नाही, कानस पुरते. हबवर कानस धरली, करकर आवाज करत चावली. रिमच्या त्या पट्ट्यावर धरली तर काचेवरून घसरावी तशी घसरली. मग पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे, राहिलेला फ्लॅशचा पातळ तुकडा पकडीने मोडला आणि खिडकीपाशी नेऊन त्याची मोड पाहिली. करड्या बिडाची मोड मातकट, राखाडी असते, बोटाला थोडी काजळी लागते. ही मोड चांदीसारखी पांढरी होती आणि तिच्यात कडेपासून आतल्या बाजूला जाणाऱ्या बारीक सुयांसारख्या रेघा दिसत होत्या. रिमच्या एका कडेला मुद्दाम छोटा टवका काढला. तिथे पांढरा थर कडेजवळ जाड आणि आत जाईल तसा करड्यात मिसळत गेलेला. म्हणजे चिल, घाईने थंड होऊन कडक झालेलं पांढरं बीड. वाळू नाही, स्लॅग (धातूचा मळ) नाही.

पांढरं का झालं

बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो. ओतलेला रस सावकाश थंड झाला तर त्यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. हेच पापुद्रे चिप तोडतात आणि टूलला वंगणही देतात, म्हणून बीड कोरडं कापता येतं. रस घाईने थंड झाला तर कार्बनला वेगळं व्हायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशीच बांधला जातो आणि सिमेंटाइट हे कडक कार्बाइड तयार होतं. साधं करडं बीड ब्रिनेल या कठीणपणाच्या मापावर दोनशेच्या आसपास असतं, पांढरं चारशेच्या वर जातं. पातळ कडा, ओलसर वाळू, थंडावलेला रस, यातलं काहीही चिल आणू शकतं. आपल्या नगात सगळ्यात पातळ होती ती रिमची बाहेरची कड आणि आरे.

पण मला खरं कारण वेगळ्या ठिकाणी सापडलं, काकांच्या ऑर्डरमध्ये. त्यांनी एफजी २६० मागितलं होतं. एफजी १५०, २००, २६० अशी प्रतवारी वाचून मोठा आकडा म्हणजे चांगला माल असं वाटणं साहजिक आहे. आमच्याकडे येणारे शिकलेले डिझायनरही तेच करतात. आयएस २१० मधला हा आकडा म्हणजे मेगापास्कलमधली ताणशक्ती, आणि तीही वेगळ्या ओतलेल्या ३० मिलिमीटर जाडीच्या चाचणी कांबीची. पाच-सहा मिलिमीटरच्या आऱ्यात काय होईल, हे तो आकडा सांगत नाही. उलट ताणशक्ती वाढवायला फाउंड्री कार्बन आणि सिलिकॉन खाली आणते, आणि हे दोन्ही खाली आले की पातळ भागात चिलचा धोका वाढतो. जाड पंप बॉडीला जो रस योग्य, तोच या चाकाला घातक. मोठ्या नगांच्या हीटमध्ये (एका वेळच्या वितळणीत) उरलेला रस शेवटी आपल्या साच्याच्या पेटीत ओतला गेला असणार. छोट्या ऑर्डरचं असंच होतं, फाउंड्रीला त्याचा दोष देऊन उपयोग नाही.

या चाकाला ताकद लागते तरी किती? रिममधला फिरण्याचा ताण म्हणजे घनता गुणिले कडेच्या वेगाचा वर्ग. मिनिटाला ५०० फेऱ्यांना कडेचा वेग सेकंदाला चार मीटर भरतो आणि ताण येतो ०.११ मेगापास्कल. अगदी ३००० फेऱ्यांना नेलं तरी चार मेगापास्कल. समोर २६० काय आणि १५० काय! हा हिशेब काकांना कागदावर करून दाखवला. पुढचा निर्णय त्याच्यामुळेच सोपा झाला.

काय करता आलं असतं

सोपा मार्ग म्हणजे हे चाक बाजूला ठेवून भरीव बिडाच्या गोल बारमधून नवं वळणं. तो माल दाट असतो, चिल नाही, ब्लोहोल (वायूमुळे राहिलेली भोकं) नाहीत. पण आरे मिलिंगने काढावे लागले असते आणि ओतकामाचा खडबडीत, रंग धरणारा पोत गेला असता. काकांना चाक हवं होतं ते ओतलेलंच. दुसरा मार्ग सीबीएन (कार्बाइडहूनही कडक) टूल घेऊन पांढऱ्यातूनच कट मारण्याचा. कारखान्यात हे होतं. पण एका नगासाठी ती टीप परवडत नाही. शिवाय आपलं जुनं लेथ तेवढं ताठ नाही, अर्ध्या फेऱ्यात मऊ आणि अर्ध्या फेऱ्यात कडक लागलं की टूल मागेपुढे ढकललं जातं आणि रिम गोल राहत नाही. टूलपोस्ट ग्राइंडर लावून रिम ग्राइंड करणं शक्य होतं, पण असमान थंड होण्यामुळे आऱ्यांत अडकलेला ताण तसाच राहिला असता.

राहिलं ॲनीलिंग, म्हणजे तापवून सावकाश थंड करणं. ते नुसतं तापवून चालत नाही. ताण काढायला साडेपाचशे अंश पुरतात, पण त्याने सिमेंटाइटला काही होत नाही. साडेसातशेला पर्लाइट (बिडातला मधल्या कडकपणाचा भाग) मऊ पडतं, जाडसर कार्बाइड तरी उरतंच. ते मोडायला ९०० ते ९५० अंशांवर काही तास ठेवून भट्टीतच सावकाश थंड करावं लागतं. या उपचारात ताणशक्ती घटते, आणि ती घटली तरी चालतं हे वर पाहिलंच.

हीट ट्रीटमेंटचं दुकान रबाळ्याला. पावसाळ्याचे दिवस, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की ठाण्याहून तिकडे जाणं म्हणजे दिवस गेला. म्हणून नग एकदाच न्यायचा आणि सगळं सांगून यायचं असं ठरलं. दुकानदाराला तीन गोष्टी लिहून दिल्या. चाक पत्र्याच्या पेटीत सपाट ठेवायचं, आऱ्यावर उभं नाही. त्याभोवती बिडाचाच जुना चुरा भरायचा आणि झाकण मातीने बंद करायचं, म्हणजे खपली कमी धरते. आणि भट्टी बंद केल्यावर दार उघडायचं नाही, कोणाचीही घाई असली तरी. तिसरी अट पाळून घ्यायला सगळ्यात जास्त बोलावं लागलं.

परत आलेलं चाक काळपट झालं होतं. कानस मात्र रिमच्या त्याच पट्ट्यावर अशी बसली की काकांनी ती दोनदा फिरवून पाहिली. सिमेंटाइट मोडून ग्राफाइट झालं की नग किंचित फुगतो, म्हणून ॲनीलिंग अंतिम मापाआधीच हवं. आम्ही तर अजून मापाला हातच लावला नव्हता.

कुठून पकडायचं

इथून पुढे ते काम, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. उत्पादनात नग कुठे टेकेल हे फिक्श्चर बनवणारा ठरवतो आणि आपण बटण दाबतो. सुट्या नगाला तो विचार दर वेळी नव्याने करावा लागतो. पहिल्यांदा मनात येतं ते असं: बाहेरचा व्यास पकडा, खरा करा, बोअर मारा. मिस्त्रींनी थांबवलं. त्यांचा प्रश्न वेगळा होता: यातलं काय कापायचं नाहीये?

फ्लायव्हीलमध्ये कापायचं असतं बाहेरचा व्यास, दोन्ही फेस आणि हब. आतली बाजू आणि आरे ओतलेले तसेच राहतात, रंगवले जातात. आता बाहेरचा व्यास धरून बोअर केला आणि ओतकामात आतली बाजू एक मिलिमीटर सरकलेली असेल, तर चाक डायल गेजवर (डुलणं मोजायच्या काट्यावर) शून्य दाखवेल आणि डोळ्याला मात्र डुलताना दिसेल, कारण रंगवलेली आतली कड आणि चकचकीत बाहेरची कड यांच्यातली पट्टी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक होते. बाहेरची बाजू आपण नंतर कापणारच, ती आपोआप खरी होते. न कापायची बाजू खरी करायची संधी एकदाच मिळते, पहिल्या बांधणीला.

आतून जबडे फाकवून पकडता आलं असतं, पण पॅटर्नचा उतार आडवा आला. आतला खिसा मधल्या पार्टिंग लाइनपासून बाहेर रुंदावत जातो, त्यावर जबडे घसरतात. म्हणून फेसप्लेट, लेथची सपाट गोल तबकडी. बारा मिलिमीटरचे तीन सारखे पॅकिंग एकाआड एक आऱ्यांखाली ठेवले आणि बरोबर त्यांच्याच डोक्यावर क्लँप. पॅकिंग एकीकडे आणि क्लँप दुसरीकडे झाला तर आरा वाकतो, आणि बीड वाकत नाही, मोडतं. सहा आरे असल्यामुळे तीन क्लँप सारख्या अंतरावर बसले. पाच असते तर कसरत झाली असती. पॅकिंगमुळे चाक प्लेटपासून उचललं गेलं, त्यामुळे टूल रिमच्या मागच्या कडेपार जाऊ शकलं.

खरं करताना डायल लावला नाही. ओतलेल्या खडबडीत पृष्ठभागावर त्याचा काटा नुसता नाचतो, त्यातून काही कळत नाही. टूलपोस्टला तांब्याची टोकदार तार बांधली, मागे पांढरा कागद धरला आणि चाक हाताने फिरवत तार आणि आतली कड यांच्यातली फट पाहत गेलो. कुठे जास्त, कुठे कमी, त्याची सरासरी काढून क्लँप सैल करायचे, लाकडी हातोडीने ठोकायचं, पुन्हा पाहायचं. आऱ्यांच्या बाजूंचंही तसंच. या बांधणीत कापण्याच्या कितीतरी पट वेळ गेला. बिल तासावर होतं हे काकांना आधीच सांगितलं होतं, म्हणून बरं.

मग एकाच बांधणीत बाहेरचा व्यास, पुढचा फेस, हबचा फेस आणि बोअर. पहिला कट दीड मिलिमीटरचा, दीडशे फेऱ्यांवर, म्हणजे मिनिटाला सत्तर मीटर. पहिल्या कटाला घाबरून पाव मिलिमीटर घेतला की टूल सगळा वेळ वाळूच्या कातडीवरच घासत राहतं आणि कापण्याआधीच बोथट होतं. कातडीखाली गेल्यावर क्लँप सैल केले. चाक किंचित हललं, आऱ्यांत उरलेला थोडाफार ताण निघाला. हलक्या हाताने पुन्हा आवळून शेवटचे कट घेतले. बोअर १० मिलिमीटर, आधी बोअरिंग करून सरळ केला, मग रीमर, एच ७, म्हणजे १५ मायक्रॉनची सूट. दुसरी बाजू त्याच लेथवर वळलेल्या मँड्रेलवर, म्हणजे बोअरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्यावर.

कुलंट अजिबात नाही. बिडाची भुकटी आणि तेल-पाणी एकत्र आलं की जी पेस्ट होते ती बेडच्या स्लाइड लॅपिंग केल्यासारख्या खाते. लेथच्या बेडवर वर्तमानपत्र अंथरायचं, काम झालं की व्हॅक्यूमने भुकटी उचलायची, हवेच्या नळीने उडवायची नाही. उडवली की ती बरोबर नको तिथे जाऊन बसते, माणसाच्या नाकात तर जातेच.

शेवटच्या कटात रिमवर ज्वारीच्या दाण्याएवढा ब्लोहोल उघडा पडला. बिडाचीच खुंटी ठोकून तो बुजवता आला असता. काका म्हणाले राहू द्या. मी राहू दिला. मला तो अजूनही खटकतो.

सिलिंडर आणि बेड

सिलिंडरला चिल नव्हता, भिंती जाड होत्या. पण कोअर, म्हणजे भोक पाडायला साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा, सरकलेला, दीडेक मिलिमीटर. तिथेही तोच प्रश्न: काय कापायचं नाही? बाहेरच्या फ्लँजची गोलाई आणि सिलिंडरचं अंग. कोअरच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली, फ्लँजच्या कडांवरून मध्य काढून तिच्यावर खूण केली आणि फोर जॉ चकमध्ये (चारही जबडे वेगवेगळे हलणाऱ्या) त्या खुणेवर नग आणला. ड्रिल घातलं असतं तर ते वाकड्या कोअरच्या मागे गेलं असतं. म्हणून सिंगल पॉइंट बोअरिंग, जाड बार, अडीचशे फेरे.

बोअर २५.०० झाला की २५.०६, याची इथे चिंता नव्हती. पिस्टन त्या बोअरवरच बसवायचा असतो. बोअर गोल असणं, दोन्ही टोकांना सारखा असणं आणि एक फेस त्याच बांधणीत काटकोनात कापलेला असणं, एवढंच महत्त्वाचं. रोज ड्रॉइंगच्या टॉलरन्सवर जगणाऱ्या आमच्या मुलांना हे पटायला वेळ लागला. नंतर सिलिंडर मँड्रेलवर चढवून, मँड्रेल व्ही-ब्लॉकमध्ये धरून व्हॉल्व्हचा फेस मिल केला, म्हणजे तो बोअरला समांतर आला.

बेडला फार काही करायचं नव्हतं. खालची बाजू, बेअरिंगच्या जागा आणि क्रॉसहेडची वाट रफ करून तो काही आठवडे रॅकवर पडू दिला आणि मग शेवटचा कट घेतला. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत मशिन केलेलं बीड एका रात्रीत तांबूस होतं, हाताचे ठसेसुद्धा उमटतात. प्रत्येक नग संध्याकाळी तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच ठेवायचा, हा नियम काकांनी आमच्यापेक्षा काटेकोर पाळला.

जोडणी त्यांनी घरी केली. कॉम्प्रेसरच्या हवेवर इंजिन आमच्या गाळ्यातच पहिल्यांदा फिरलं, एक बारपेक्षा कमी दाबावर, आणि चाक डोळ्याला स्थिर दिसलं. व्हॉल्व्हची वेळ थोडी मागे होती, ती एक्सेंट्रिक सरकवून त्यांनी जागेवरच लावली.

काकांना आता दुसरं, जरा मोठं इंजिन करायचंय. त्याच्या फ्लायव्हीलच्या पॅटर्नमध्ये त्यांनी रिमची कड जाड केली आहे, आरे आणि रिम यांच्या सांध्यात गोलाई वाढवली आहे आणि कापायच्या बाजूंना तीन मिलिमीटर जादा ठेवलं आहे. फाउंड्रीला आम्ही दोघांनी मिळून लिहिलं: एफजी १५० चालेल, ओतण्याआधी लॅडलमध्ये (रसाच्या पळीत) चिल कमी करायला फेरोसिलिकॉन टाका, आमची पेटी हीटच्या शेवटी नको, त्याच रसाची, चिल तपासायची पाचर ओतून ती मोडून नगांसोबत पाठवा, आणि नग साच्यातच पूर्ण थंड होऊ द्या. शेवटची सोडून सगळ्या अटी त्यांना मान्य झाल्या. रात्रभर पेटी अडकली तर सकाळचं मोल्डिंग खोळंबतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. काकांनी त्या एका पेटीचं रात्रीपुरतं भाडं देऊ केलं. पुढची खेप त्यावर ठरली आहे.